मुसाफिराचा हिस्सा

गेल्या आठवड्यात परंदवडीच्या आमच्या घरी इफ्तारला कॉलेजची तीन मुले आली होती. तिघांपैकी रोजा एकाचाच होता, पण सूर्य मावळेपर्यंत बाकीचे दोघेही खजुराला हात न लावता बसून राहिले. सरबत झाले, भजी झाली, नमाज झाली. मग त्यांनी सतरंजीवर एक मोठा कागद पसरला. परीक्षा संपली की तिघांना आशिया पाहायचा आहे. नेपाळ, श्रीलंका, थायलंड, जमले तर व्हिएतनाम. म्यानमारचे नाव लिहून खोडलेले होते, कारण तिथली परिस्थिती सध्या जाण्यासारखी नाही. प्रत्येक देशापुढे रकाने होते : तिकीट, व्हिसा, मुक्काम, जेवण. खाली बेरीज होती आणि बेरजेखाली मोठे प्रश्नचिन्ह. पैसे पुरत नव्हते.

मी तो कागद बराच वेळ पाहत राहिलो, कारण नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश ही वाट माझ्या ओळखीची होती. सव्वाशे वर्षांपूर्वी गोव्यातला एक तरुण याच वाटेने गेला होता. त्याच्या खिशात जवळजवळ काही नव्हते. त्याचे नाव धर्मानंद कोसंबी. मुलांना नाव ऐकून ठाऊक होते, प्रवास ठाऊक नव्हता. त्या रात्री तरावीहला जायच्या आधी जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. उरलेले आज इथे लिहितो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६चा. गाव गोव्यातले साखवळ, घराणे गौड सारस्वत ब्राह्मणांचे, वडिलांचे नाव दामोदर. घरी नारळाची बागायत होती आणि तिची देखभाल तरुणपणीच धर्मानंदांच्या अंगावर आली. शाळा फारशी झाली नाही. १८९१ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षाच्या आसपास, बाळाबाईंशी लग्न झाले. गोव्यातल्या कुठल्याही बागायतदाराचे आयुष्य जसे गेले असते, तसेच याचेही जायचे.

पण वाचनाचे वेड होते आणि पुस्तके मराठी होती. मुलांच्या एका मराठी मासिकात गौतम बुद्धाच्या चरित्रावरचा लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांना कळेना की ज्या माणसाने या देशात एवढे मोठे काम केले, त्याच्याविषयी आपल्याला कोणी काहीच कसे सांगितले नाही. बुद्धाचा धर्म नीट जाणून घ्यायचा आणि तो आपल्या भाषेत लोकांना सांगायचा, हे त्यांनी तिथेच मनाशी ठरवले. त्यासाठी आधी संस्कृत हवे होते आणि मग पाली. गोव्यात दोन्हीची सोय नव्हती. घर सोडण्याचे एकदोन प्रयत्न झाले, पाय परत फिरले. शेवटी १८९९ सरता सरता ते निघाले ते निघालेच. घरी बाळाबाई होत्या आणि काही महिन्यांची मुलगी, माणिक.

ते प्रथम पुण्यात आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पण संस्कृत शिकायचे तर काशीला जायचे, हे त्या काळी ठरलेले होते. पुण्याहून ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेरहून १९०० साली काशी, असा हा पहिला टप्पा.

गरिबाला काशीत दोन गोष्टी फुकट मिळत होत्या : अन्न आणि विद्या. संस्थानिकांनी आणि सावकारांनी विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रे चालवलेली होती आणि शास्त्री लोक शिकवण्याचे पैसे घेत नसत. धर्मानंद गंगाधरशास्त्री तेलंगांकडे शिकू लागले. जेवण अन्नछत्रात, दिवसातून एकदा. तिथेही पंक्तीचे भेद होतेच. सारस्वताला पंगतीत घ्यावे की नाही, यावर त्या काळी वाद होत आणि धर्मानंदांनाही त्याचा त्रास झाला. थंडीच्या दिवसांत अंगावर पुरेसे पांघरूण नाही, पोटात एकवेळचे जेवण आणि पुढ्यात व्याकरण. सुमारे दीड वर्ष त्यांनी असे काढले.

मला वाटते, पुढचा सगळा प्रवास या दीड वर्षामुळे शक्य झाला. दिवसाला एक जेवण, मिळेल तिथे पाठ टेकायची, आणि शिकण्याशिवाय दुसरी कुठली ओढ ठेवायची नाही, ही सवय एकदा लागली की प्रवासाचा खर्च निम्म्याहून कमी होतो. आम्ही रोजेदार दरवर्षी महिनाभर हा धडा गिरवतो. पहिले तीन-चार दिवस जड जातात. मग कळते की आपण ज्याला भूक म्हणत होतो, त्यातला मोठा भाग सवयीचा होता.

१९०२च्या सुरुवातीला धर्मानंद काशीहून एका नेपाळी सोबत्याबरोबर काठमांडूला निघाले. तराईतून वर जायला तेव्हा गाडीरस्ता नव्हता, डोंगर पायीच चढावे लागत. बुद्धाचा जन्म झाला त्या देशात तरी बुद्धाचा धर्म नीट पाहायला मिळेल, ही आशा होती. ती पुरी झाली नाही. त्यांच्या मनात जे शुद्ध रूप होते, ते तिथे त्यांना दिसले नाही, आणि शिकवणाराही मिळाला नाही. प्रवासाची आखणी करणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. दिवस गेले, शक्ती गेली, आणि मुक्काम चुकीचा निघाला. त्यांनी काय केले? कपाळाला हात लावून बसले नाहीत आणि हट्टाने थांबलेही नाहीत. ते खाली उतरले आणि बोधगयेला गेले. तिथे त्यांना कळले की पाली शिकायची तर सिलोन गाठायला हवे.

सिलोन म्हणजे समुद्र ओलांडणे आणि समुद्र ओलांडणे म्हणजे पैसे. ते कलकत्त्याला गेले. अनागारिक धर्मपालांनी स्थापन केलेल्या महाबोधी सोसायटीचे काम तिथे चालत असे. तिथल्या लोकांनी मदत केली. मग मद्रास आणि मद्रासहून पुढे कोलंबो. १९०२ मध्येच ते विद्योदय विद्यालयात पोचले. हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे त्या काळातले पालीचे फार मोठे पंडित; त्यांनीच ती संस्था १८७३ मध्ये सुरू केली होती. धर्मानंद त्यांच्या हाताखाली श्रामणेर झाले, म्हणजे भिक्षू होण्याआधीची दीक्षा त्यांनी घेतली आणि पालीचे ग्रंथ वाचायला सुरुवात केली. राहणे, खाणे, शिक्षण, सगळे विहारात. पण शाकाहारी पोटाला तिथला आहार मानवला नाही आणि प्रकृती ढासळली. वर्षभराने ते मद्रासला परतले.

तिथून ब्रह्मदेश. तिथे त्यांनी भिक्षूची पूर्ण दीक्षा घेतली. भिक्षूला पैसा जवळ बाळगता येत नाही. सकाळी पात्र घेऊन गावातून फिरायचे, लोक घालतील ते घ्यायचे आणि माध्यान्हीच्या आत खायचे. दुपार झाली की दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत घन अन्न वर्ज्य. आमचा रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत. त्यांचा उपवास दुपारपासून पहाटेपर्यंत. घड्याळ उलटे आहे, पण पोटाला लगाम घालण्याचा धडा तोच आहे. मध्ये हिंदुस्थानात येऊन त्यांनी सारनाथ, कुशिनगर अशी बुद्धाच्या आयुष्यातली ठिकाणे पाहिली. मग पुन्हा ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचा अभ्यास केला. १९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले, तेव्हा गोवा सोडून सहा वर्षे उलटून गेली होती.

हा सगळा प्रवास एवढ्या थोड्या पैशांत कसा झाला, हे मुलांनी विचारले. काही कारणे काळाची होती. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्याच सरकारखाली होता, तो वेगळा झाला १९३७ मध्ये. सिलोनही इंग्रजांकडेच होते. काशीत, रंगूनमध्ये आणि कोलंबोत, सगळीकडे हिशेब रुपयांत चालत होता. पैसे बदलून घेताना होणारे नुकसान नाही आणि दारोदार व्हिसाचे अर्ज नाहीत. आजच्या मुलांना ती सवलत नाही. नेपाळला भारतीयांना व्हिसाशिवाय जाता येते. बाकी प्रत्येक देशाचे कागदांचे नियम वेगळे पाहावे लागतात.

पण खरे कारण वेगळे होते. धर्मानंदांचा प्रवास स्वस्त नव्हता. त्याचा खर्च दुसऱ्यांनी उचलला होता. काशीत अन्नछत्र चालवणाऱ्याने उचलला, फुकट शिकवणाऱ्या शास्त्र्यांनी उचलला, कलकत्त्याच्या वर्गणीदारांनी उचलला, कोलंबोच्या विहाराने उचलला आणि रोज सकाळी दाराशी भाताची पळी घेऊन उभ्या राहणाऱ्या ब्रह्मी बायांनी उचलला. त्यांतल्या बहुतेकांना हा माणूस कोण, कुठला, हे ठाऊकही नव्हते.

आमच्याकडे जकात कोणाला द्यायची, याचे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. गरीब आहेत, कर्जात बुडालेला आहे आणि यादीत अगदी शेवटी मुसाफिर आहे. घरी तो खाऊनपिऊन सुखी असेल, पण वाटेत अडकला असेल तर जकातीत त्याचा हिस्सा आहे. रोज्याच्या नियमातही मुसाफिराला सवलत आहे. प्रवासात सोडलेले रोजे त्याने नंतर भरून काढायचे. धर्मानंदांच्या आधी साडेपाच शतकांहून अधिक काळ लोटला असेल, तेव्हा मोरोक्कोतल्या तंजा शहरातून एकवीस वर्षांचा इब्न बतूता हजला म्हणून निघाला. ते साल १३२५. तो पुढे दिल्ली, दौलताबाद, गोवा, मालदीव, सिलोन करत चीनच्या वाटेला लागला. त्याला राजेरजवाड्यांच्या देणग्या मिळाल्या हे खरे, पण वाटेवरच्या खानकाहांत आणि सरायांत परक्याला फुकट मिळणारी भाकरी आणि कोपरा नसता, तर तो पहिल्या वर्षीच घरी परतला असता. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण वाटसरूसाठी एक हिस्सा बाजूला काढून ठेवण्याची रीत साऱ्या आशियाभर होती.

त्यासाठी कोलंबोला जायचीही गरज नाही. आमच्या परंदवडीहून बेगडेवाडी स्टेशन गाठावे, लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसावे आणि मळवलीला उतरावे. एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. भाज्याच्या विहारांत खडकात कोरलेले ओटे आजही दिसतात; दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंची ती अंथरुणे. कार्ल्याच्या चैत्यात खांबाखांबावर दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत. कोकणातली बंदरे आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटेवर ही लेणी आहेत. वाटेने जाणाऱ्यांनीच वाटेवरचा निवारा उभा केला.

आता या हिशेबातला एक रकाना उरतो आणि तो अवघड आहे. धर्मानंद शिकत होते त्या वर्षांत बाळाबाई लहान मुलीला घेऊन गोव्यात दिवस काढत होत्या. या प्रवासाचा सर्वांत मोठा खर्च त्यांनी उचलला, आणि अन्नछत्र चालवणाऱ्याप्रमाणे तो त्यांनी आपण होऊन उचललेला नव्हता. तो त्यांच्यावर येऊन पडला. पुढे आत्मचरित्र लिहिले ते धर्मानंदांनी. १९२४ मध्ये निघालेले ‘निवेदन’ आजही वाचावे असे पुस्तक आहे. बाळाबाईंचे निवेदन कोणी लिहिले नाही. मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना आपण ही ओळ गाळतो. मी ती मुलांपुढे गाळली नाही. आमच्याकडेही शिकायला दूरदेशी गेलेल्या आलिमांच्या गोष्टी कौतुकाने सांगतात आणि त्यांच्या घरच्या चुलीविषयी कोणी बोलत नाही.

धर्मानंद परतले, हे मात्र महत्त्वाचे. कलकत्त्यात त्यांनी भिक्षूची वस्त्रे उतरवली. तिथे पाली शिकवण्याचे काम मिळाले, पगार सुरू झाला. त्याच वर्षी ते गोव्याला जाऊन घरच्यांना भेटले आणि संसार पुन्हा मांडला. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर. पुढे मनोरमा आणि कमला या मुली झाल्या.

कलकत्त्यात बस्तान बसले असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्यापुढे एक गोष्ट ठेवली. महाराष्ट्रात कुठेही राहा, बौद्ध धर्मावर मराठीत लिहा, महिना ५० रुपये मिळतील. विद्यापीठाच्या नोकरीत याहून जास्त होते. धर्मानंदांनी ५० रुपये घेतले. घरून निघताना मनाशी जे बोलले होते, बुद्धाचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे, ते त्यांना विसरता येत नव्हते. इतक्या अनोळखी लोकांचे अन्न खाल्ले ते याच कामासाठी.

मग ते पुण्यात आले. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची गाठ पडली आणि त्यांनी बोलावून घेतले. ‘विशुद्धिमार्ग’ हा बुद्धघोषाचा पाली ग्रंथ संपादित करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने अर्धवट राहिले होते. ते पुरे करण्यासाठी धर्मानंद १९१० मध्ये अमेरिकेला गेले. इंग्रजी शाळेची पायरी न चढलेला साखवळचा बागायतदार हार्वर्डला! पुढच्या बावीस वर्षांत ते तिथे चार वेळा गेले. तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५० मध्ये हार्वर्डच्या मालेत प्रसिद्ध झाला. मधल्या काळात १९१२ ते १९१८ फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली; पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे मोठे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. दुसऱ्यांदा अमेरिकेला जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर यांना बरोबर नेले. ज्या मुलीला तान्ही टाकून निघाले होते, तिला या वेळी मागे ठेवले नाही. नंतर गुजरात विद्यापीठ झाले, रशियातले लेनिनग्राड झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास सोसला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत १९३७ मध्ये बहुजन विहार उभा केला. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे मराठी पुस्तक अनेक भाषांत गेले.

शेवटाविषयी लिहिताना हात अडतो. सत्तरी गाठली, शरीर दुखण्यांनी खंगले, आता आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, असे त्यांना वाटू लागले. जैनांमध्ये अन्न सोडून शांतपणे देह ठेवण्याची रीत आहे. धर्मानंदांना ती पटली. १९४६ मध्ये त्यांनी तसा उपवास सुरू केला, तेव्हा गांधीजींनी त्यांना थांबवले. पुढे सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे प्राण गेले. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली.

मी रोजा ठेवणारा माणूस आहे. आमच्या रोज्याला संध्याकाळ असते. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, गरोदर बाईला तो सोडण्याची मुभा असते आणि उपवासाने जीव देणे आमच्याकडे मान्य नाही. धर्मानंदांचा हा निर्णय मला पटत नाही, आणि दुखणाईत माणसाला आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, हे तर मुळीच पटत नाही. पण ज्यांच्याशी आपले पटत नाही, त्यांच्याविषयीचा आदर कमी व्हायलाच हवा असे थोडेच आहे? पंचवीस वर्षांचा असताना ज्याने एकवेळच्या अन्नावर व्याकरण पाठ केले, त्याचे अन्नाशी असलेले नाते आपल्यासारखे नव्हते, एवढे मला समजते.

त्यांचा मुलगा दामोदर मोठा गणिती झाला आणि इतिहासकारही. मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत काम आणि पुण्यात घर, त्यामुळे ते डेक्कन क्वीनने रोज याच मावळातून जात-येत. सुटीच्या दिवशी ते काठी घेऊन इथल्या जुन्या वाटा, लेणी आणि गावदेवांची ठाणी पायी हिंडत. कार्ल्याच्या खांबांवरचे धेनुकाकट कुठे असावे, यावर त्यांनी लिहिले. बापाने बुद्ध शोधायला ब्रह्मदेश गाठला. मुलाने ज्या खांबांवर परक्या दात्यांची नावे आहेत, ते खांब आपल्याच दाराशी वाचले.

मुलांनी कागद गुंडाळण्यापूर्वी मी त्यात काही बदल सुचवले. चार देशांऐवजी दोन घ्या आणि तिथे जास्त दिवस राहा. प्रत्येक देशात काय पाहायचे यापेक्षा काय शिकायचे ते आधी लिहा. नेपाळसारखा एखादा मुक्काम चुकीचा निघेल, त्यासाठी थोडे पैसे आणि थोडे दिवस बाजूला ठेवा. धर्मशाळा, विहार, गुरुद्वारा, मशीद, जिथे आसरा मिळेल तिथे घ्या, पण पानात पडेल ते मुकाट्याने खा आणि निघताना भांडी घासून द्या. तुम्ही गेल्यावर घरी कोणाचे काम वाढणार आहे, ते विचारा आणि त्या माणसाला निघण्याआधी सांगा.

त्यांतल्या एकाने खिशातून पेन काढले आणि बेरजेच्या खाली आणखी एक रकाना आखला. त्यावर त्याने लिहिले : देणे. पहिल्या ओळीत आपल्या आईचे नाव घातले. मग तिघेही बेगडेवाडीच्या गाडीसाठी निघाले आणि मी तरावीहला.